वंशावळीच्या कपाटातली माझी पुस्तकं

वंशावळ लावायला बसलेल्या माणसानं आधी शब्दकोश घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आडनावांची पुस्तकं, कुळांच्या याद्या, देवक-गोत्रांची कोष्टकं हे सगळं नंतर. मला फोन करणारे नातेवाईक मात्र उलट विचारतात, "मावशी, आपल्या आडनावाचं एखादं पुस्तक आहे का?" बहुतेकांचं नसतं. आमच्यासारख्या कुणबी, तेली, कोष्टी, माळी घरांचे कागद पुष्कळ आहेत, पण ते सरकारी दप्तरात पडलेले आहेत आणि शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या भाषेत लिहिलेले आहेत. ते वाचता आले की वंशावळ पुढे सरकते. म्हणून माझ्या कपाटात हाताशी असतात ती कागद वाचायला शिकवणारी पुस्तकं. नागपूरकडच्या माणसाला उपयोगी पडेल अशी यादी मला कुणी दिली नव्हती, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी नागपूरच्या नंदनवन भागात राहते, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. दाखल-खारीज रजिस्टर, म्हणजे शाळेत आलेल्या आणि शाळा सोडलेल्या मुलांची नोंदवही, हे माझ्या रोजच्या कामातलं. जुन्या नोंदीची नक्कल मागायला पालक यायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी मी पाहिली आहे. विदर्भात बहुतेक घरांत वंशावळ हा शब्द जात पडताळणीच्या फॉर्मबरोबरच शिरतो. अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा लागतो. मुलीची ॲडमिशन तोंडावर आलेली असते आणि आजोबांच्या वडिलांचं नाव घरात कुणाला ठाऊक नसतं. मग धावपळ, तहसील, नक्कल. एक कागद हाती लागला की शोध तिथंच थांबतो. माझ्या घरचा कागद सापडला तेव्हा मला थांबावंसं वाटलं नाही.

नागपूरकडे प्रामुख्यानं तीन प्रकारचे कागद मिळतात. कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंद. मिसल, म्हणजे बंदोबस्ताच्या, म्हणजे शेतसारा ठरवण्याच्या वेळी तयार झालेलं जमिनीचं दप्तर. आणि शाळेचं दाखल-खारीज. कोतवाल बुकात जन्माच्या नोंदीत बहुधा बाळाचं नाव नसतंच. बापाचं नाव, जात, आणि "मुलगा" किंवा "मुलगी". मिसलीत नावं असतात, पण त्यांच्या आजूबाजूला वल्द, जौजे, बेवा, मयत, साकिन, मौरूसी, मालिक मकबुजा, लंबरदार असे शब्द दाटीनं उभे असतात. हे शब्द कळले नाहीत तर नात्यांचा पत्ताच लागत नाही. "जौजे" म्हणजे अमक्याची बायको आणि "बेवा" म्हणजे अमक्याची विधवा. एवढ्या फरकावर एका माणसाचा मृत्यू कुठल्या दोन वर्षांच्या मधला आहे हे ठरतं. पहिल्या कागदात बाई जौजे आहे, पुढच्यात बेवा आहे. मधल्या काळात नवरा गेला. मृत्यूची नोंद फाटलेली असली तरी चालतं.

यासाठी माझ्याकडे माधव त्र्यंबक पटवर्धनांचा फार्शी-मराठी कोश आहे, १९२५ सालचा. पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन, फारसीचे प्राध्यापक. त्यांना या भाषेचा कान होता आणि तो पानोपानी जाणवतो. मराठीत मुरलेले अरबी-फारसी शब्द त्यांनी मुळासकट दिले आहेत. भारत इतिहास संशोधक मंडळानं काढलेलं हे पुस्तक घरी असेल तर मिसलीची अर्धी भीती जाते. माझी प्रत म्हणजे बाइंडिंग केलेली झेरॉक्स आहे आणि तिच्या समासात मी मिसलीतले शब्द पेन्सिलीनं लिहीत गेले आहे. संग्राहक जपून ठेवतात तशी ती प्रत नाही, वापरायची आहे.

दुसरा कोश दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. सात खंड, १९३२ ते १९३८ या काळात निघालेले, नंतर पुरवणी. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी हे काम उभं केलं त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो, आणि विदर्भातल्या माणसाला तो जास्त वाटायला हवा, कारण आपल्याकडचे शब्द त्यांनी वगळले नाहीत. वऱ्हाडी, नागपुरी शब्दापुढे तशी खूण केलेली असते. आमच्या घरात म्हातारी माणसं "लग्नाची" आणि "पाटाची" असा भेद करत बोलायची. नव्या पिढीला पाट म्हणजे बसायचा पाट वाटतो. विधवेच्या पुनर्विवाहाला पाट म्हणतात आणि आपल्याकडे त्यालाच मोहतूरही म्हणतात, हे कळलं नाही तर पणजोबांना दोन बायका "एकाच वेळी" होत्या असं मुलं लिहून मोकळी होतात. प्रत्यक्षात पहिली गेली, दुसरीचा नवरा गेला होता, आणि दोघांनी संसार नव्यानं मांडला. वंशावळीत ही गोष्ट सन्मानानं आली पाहिजे. पाटाच्या बाईचं नाव गाळायची जी खोड आपल्या घरांत आहे तिचा मला राग येतो. तिच्या आधीच्या नवऱ्याचं कुळ, तिचं माहेर, तिची आधीची मुलं हे सगळं त्यामुळे पुसलं जातं.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश बरेच जण सगळ्यांत आधी सुचवतात. १८५७ ची दुसरी आवृत्ती, साठेक हजार शब्द, आणि पुण्याहून पुनर्मुद्रण झाल्यामुळे मिळायलाही सोपा. कोश थोर आहे यात शंका नाही. बलुतेदारांवरची त्याची नोंद वाचत बसावी अशी आहे. पण मोल्सवर्थची भाषा मुंबई इलाख्याकडची आहे. मध्यप्रांताच्या, म्हणजे इंग्रजी अमलात नागपूर ज्यात होतं त्या प्रांताच्या, महसुली कागदासाठी तो मला कमी पडतो. घरात एकच कोश घ्यायचा असेल तर मी दाते-कर्वे घेईन. खंड मांडायला जागा नसेल तर हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठानं इंटरनेटवर ठेवलेले आहेत आणि मोबाईलवर बघता येतात. तहसील कार्यालयाच्या बाकावर बसून मी ते तसेच वापरते.

आता तारखांकडे येते. वंशावळीत सगळ्यांत जास्त गोंधळ इथंच होतो. म्हाताऱ्या माणसांना वर्ष आठवत नाही, पण तिथी आठवते, कारण श्राद्ध तिथीला होतं. कागदात कुठं शके असतो, कुठं फसली सन, भोसलेकालीन मोडी कागदात सुहूर सन. शके मध्ये ७८ मिळवले की इसवी सन येतं. वर्ष संपत आलं असेल तर ७९. फसलीत ५९० किंवा ५९१, सुहूरमध्ये ५९९ किंवा ६००. एवढं तोंडपाठ असलं तरी महिना-तिथीची तारीख काढायला जंत्री, म्हणजे तिथी आणि तारखांचा मेळ घालणारं पुस्तक, लागतेच. बाळाजी प्रभाकर मोडकांच्या जंत्रीत १७२८ ते १८८९ पर्यंतचे मेळ आहेत, आणि भोसल्यांच्या काळापासून ब्रिटिश अमलापर्यंत नागपूरच्या बहुतेक जुन्या कागदांना ती पुरते. त्याआधीचं काही असेल, किंवा हिशेब मुळातून शिकायचा असेल, तर रॉबर्ट सेवेल आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांचं १८९६ चं द इंडियन कॅलेंडर. दीक्षितांसारखा माणूस आपल्यात होऊन गेला याचा अभिमान वाटावा असं ते पुस्तक आहे. कोष्टकांकडे वळण्याआधी त्याचा सुरुवातीचा भाग वाचा. अधिक महिना का येतो, क्षय तिथी म्हणजे काय, संवत्सराची साठ नावं कशी फिरतात हे त्यात उलगडून सांगितलं आहे. संवत्सराचं नाव हे फार कामाचं असतं. शके १७७५ चं नाव प्रमादी. तिसरे रघुजी भोसले डिसेंबर १८५३ मध्ये वारले ते याच संवत्सरात, आणि पुढच्या वर्षी राज्य खालसा झालं. एखाद्या कागदावर शक पुसट आणि संवत्सर वाचता येण्यासारखं असेल, तर साठ वर्षांच्या अंतरानं मोजकेच पर्याय उरतात आणि त्यातला कुठला खरा हे कागदच सांगतो.

माझ्या पणजीची तारीख अशीच निघाली. घरात एवढंच माहीत होतं, की तिचं श्राद्ध आश्विन वद्य पंचमीला व्हायचं आणि ती "मोठ्या तापात" गेली. शके कुणी सांगेना. मोठा ताप म्हटल्यावर १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ डोळ्यांसमोर आली. मध्यप्रांत-वऱ्हाडात त्या साथीनं भयंकर माणसं नेली, आणि तिचा जोर ऑक्टोबर-नोव्हेंबरातच होता. ते शके १८४०, काळयुक्त संवत्सर. मोडकांची जंत्री तिथपर्यंत पोचत नाही. पण त्या वर्षाची एक तिथी सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे: शिर्डीच्या साईबाबांनी देह ठेवला ती विजयादशमी, १५ ऑक्टोबर १९१८. तिथून तिथ्या मोजत गेलं की कोजागिरी ओलांडून आश्विन वद्य पंचमी २४ ऑक्टोबरच्या आसपास पडते. मग मी कोतवाल बुकाची मागणी करताना सगळं वर्ष मागण्याऐवजी ऑक्टोबर आणि नोव्हेंबर मागितला. रेकॉर्ड रूममधल्या कर्मचाऱ्यानं पान काढून दिलं. त्या एका पानावर एकाखाली एक "ताप", "ताप", "ताप" असंच लिहिलेलं होतं. आमची नोंद त्यातच, पणजोबांच्या नावानं, "बायको" म्हणून. तिच्या आधीच्या ओळीत दुसऱ्या घरचं मूल, नंतरच्या ओळीत आणखी एका घरची सासू. गावाचं ते पान मी पूर्ण उतरवून घेतलं. आमच्या नोंदीपुरती नक्कल पुरेशी होती, तरी शेजारच्या घरांची माणसंही तिच्याबरोबर कागदावर राहावीत असं वाटलं.

आता तिचं नाव. कोतवाल बुकात ते नाही. आमच्या मोठ्या आईला विचारलं तर त्या म्हणाल्या, "नाव कोनाले मालूम वं, समदे तिले पारडीवालीच म्हनत." आपल्याकडे सुनेला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारायची रीत होती, त्यामुळे नाव हरवलं तरी गाव हाती लागतं. अडचण ही, की पारड्या पुष्कळ आहेत. इथं माझ्या कपाटातला तिसरा कप्पा कामाला आला: गॅझेटियर आणि जनगणनेच्या पुस्तिका.

नागपूर जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर १९०८ चं, संपादक आर. व्ही. रसेल. नवं महाराष्ट्र शासनाचं, १९६६ चं. जुन्यात दुष्काळांवरचा मजकूर आणि मालगुजारीची व्यवस्था फार चांगली समजावली आहे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत आपलं घर गाव सोडून गेलं का, हा प्रश्न प्रत्येकानं आपल्या वंशावळीला विचारून बघावा. जुनं आणि नवं गॅझेटियर शेजारी ठेवून वाचण्यात आणखी एक फायदा आहे. १९०८ मध्ये नागपूर जिल्ह्यात चारच तहसिली होत्या: नागपूर, रामटेक, उमरेड, काटोल. सावनेर नंतर झालं, नरखेड त्याच्याही पुष्कळ नंतर. आज नरखेड तालुक्यात असलेल्या गावाचे जुने कागद काटोलच्या नावानं निघतात, हे ठाऊक नसल्यामुळे लोक चुकीच्या कार्यालयात महिनोन्‌महिने चकरा मारतात. प्रांतही बदलत गेला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होतं, म्हणून ऐन पन्नाशीतल्या कागदांवर "मध्यप्रदेश" छापलेलं दिसतं. ते पाहून घाबरून जाऊ नये, कागद आपलाच असतो. सौंसर, पांढुर्ण्याकडे ज्यांची सोयरीक आहे त्यांनी छिंदवाड्याचं १९०७ चं गॅझेटियरही जवळ ठेवावं. सरहद्द अलीकडची आहे, नाती जुनी आहेत.

पारडीसाठी मात्र मला १९६१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका सगळ्यांत उपयोगी पडली. दिसायला अगदी रूक्ष. तहसीलवार गावांची यादी, क्षेत्रफळ, घरं, लोकसंख्या. पण प्रत्येक गाव त्यात आहे, खुर्द-बुद्रुकसकट. जी गावं उठून गेली, ज्यांना आपण रिठी म्हणतो, त्यांचाही माग अशा याद्यांतून लागतो. गाव ओसाड झालं तरी मौज्याचं नाव दप्तरात टिकून राहतं. मी सगळ्या पारड्या नकाशावर टिंबं देऊन मांडल्या. मोठ्या आईंना त्यांच्या सासूनं सांगितलेलं आठवत होतं, की पारडीवालीचा भाऊ दिवाळीत तिला न्यायला बंडी घेऊन यायचा आणि जेवून दुपारी निघालं तरी दिवेलागणीच्या आत तिकडे पोचायचा. बैलबंडीच्या त्या अंतरात दोनच पारड्या बसत होत्या. त्यातल्या एकीच्या मिसलीत पणजीच्या माहेरचं आडनाव मौरूसी काश्तकारांत, म्हणजे वंशपरंपरेनं जमीन कसणाऱ्या कुळांत, निघालं. तिचं स्वतःचं नाव अजून मिळालेलं नाही. वंशावळीत मी तिला "पारडीवाली" म्हणूनच लिहिलं आहे, शेजारी गावाचं नाव आणि पटवारी हलका नंबर देऊन.

रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांच्या मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवरच्या ग्रंथाबद्दल काळजीपूर्वक लिहायला हवं. चार खंड, १९१६ साली लंडनला छापलेले. रसेल ते छापून आलेले पाहायला राहिले नाहीत. ३० डिसेंबर १९१५ ला भूमध्य समुद्रात बुडालेल्या पर्शिया जहाजावर ते होते. हिरालाल हे कटनीकडचे, आणि त्यांनी आपल्या प्रांतातल्या शिलालेखांवर केलेलं काम वेगळंच मोठं आहे. हा ग्रंथ प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतो आणि विदर्भात वंशावळ शोधणारा प्रत्येक जण केव्हा ना केव्हा त्याच्यापाशी पोचतोच. उपयोग आहे. तिरोळे, झाडे, खैरे, धनोजे, बावणे असे कुणब्यांचे पोटभेद कागदात आले की चौथ्या खंडात त्यांची माहिती मिळते. एका ओळखीच्या घरच्या नोंदीत "गारपगारी" असं लिहिलं होतं आणि घरातल्या तरुणांना ते आडनाव वाटत होतं. गारपीट टाळण्यासाठी गावानं नेमलेला माणूस तो गारपगारी, त्याला गावाकडून धान्य मिळायचं, हे तिसऱ्या खंडात वाचल्यावर त्या घराला आपल्या पूर्वजाचं काम कळलं. मुलांच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही.

पण या ग्रंथानं माणसं जातींच्या खणांत घालून मोजली. कित्येक जमातींबद्दल, आणि ज्यांना गावकुसाबाहेर ठेवलं होतं त्यांच्याबद्दल, त्यातली भाषा अपमानाची आहे. कुणाच्या स्वभावाबद्दल, सचोटीबद्दल तिथं जे लिहिलंय ते एका राज्यकर्त्याचं मत आहे आणि ते वंशावळीत उतरवू नये. उत्पत्तीच्या कथाही कथा म्हणूनच वाचाव्यात. मी हे खंड वापरते ते धंद्यांची नावं, पोटभेद आणि लग्नाच्या चालीरीतींपुरते, आणि कुणाला देताना हे बजावूनच देते.

याच्या शेजारी म्हणूनच मी उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं "आम्हीही इतिहास घडवला" ठेवते. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांशी प्रत्यक्ष बोलून केलेलं १९८९ चं हे पुस्तक वंशावळीचं नाही, पण म्हाताऱ्या बाईशी कसं बोलावं हे मी त्यातून शिकले. तिला तारीख विचारली तर ती गप्प होते. सभेला कशी गेलीस, लेकरू कुणाकडे ठेवलंस, लुगडं कुठलं नेसली होतीस असं विचारलं की वर्ष आपोआप निघतं. जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद झाली, तिला गेलेल्या बायकांच्या लेकी-सुना अजून शहरात आहेत. नागपुरातल्या बौद्ध घरांना तर एक पक्की खूण मिळालेली आहे: १४ ऑक्टोबर १९५६. त्याआधीच्या आणि नंतरच्या नोंदींत धर्माचा रकाना बदलतो, आणि घरातलं कोण त्या दिवशी दीक्षाभूमीवर होतं हे बहुतेकांना नावानिशी सांगता येतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांचे स्टॉल लागतात तिथं मी दरवर्षी जाते. छोट्या गावांतल्या माणसांनी स्वतः छापलेली आत्मचरित्रं तिथं मिळतात, दुकानांत दिसत नाहीत अशी. गावांची, शाळांची, गिरणीतल्या नोकऱ्यांची अस्सल माहिती त्यांत असते.

इरावती कर्वे यांचं किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया हे १९५३ चं पुस्तक अवघड आहे, पण नात्यांवरची प्रकरणं जरूर वाचावीत. महाराष्ट्रात मामेबहिणीशी लग्न चालतं, पुष्कळ जातींत पसंतही असतं, आणि आतेबहिणीशी बहुधा नको असतं, हे त्यांनी नीट मांडलं आहे. आमच्या वंशावळीत एकच आडनाव तीन पिढ्यांत सासरचं म्हणून आणि मामाचं म्हणून फिरून फिरून येत होतं. कर्वे वाचल्यावर मी बायकांची माहेरं वेगळ्या रंगानं लिहायला लागले आणि चार गावांचं एक सोयरिकीचं जाळं स्पष्ट दिसायला लागलं. त्या जाळ्यातल्या गावांच्या मिसली तपासल्या तर आपली माणसं सापडण्याची शक्यता कितीतरी वाढते.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. या. मा. काळे यांचे "वऱ्हाडचा इतिहास" आणि "नागपूर प्रांताचा इतिहास" हे दोन्ही घरी असावेत. भोसल्यांच्या चाकरीत पूर्वज होता अशी दंतकथा ज्यांच्या घरात आहे त्यांनी ती काळ्यांच्या इतिहासाशी ताडून पाहावी. रिचर्ड जेन्किन्सचा १८२७ चा नागपूर राज्यावरचा अहवाल त्याच काळाचा आहे, पण तो वाचनालयात बसून वाचला तरी पुरे. केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश मला जिव्हाळ्याचा, त्याचं मंडळ आधी नागपुरात निघालं होतं म्हणूनही. गावांवरच्या छोट्या नोंदी उपयोगी आहेत, आणि तो आता इंटरनेटवर आहे. चित्रावशास्त्र्यांचे चरित्रकोश उत्तम आहेत, पण साध्या घरातल्या शोधात त्यांची गरज फारशी पडत नाही.

कुलवृत्तांतांचं काय, असं कुणी विचारेल. कोकणस्थ घराण्यांनी काढलेले कुलवृत्तांत मी आवर्जून पाहते, आपलं आडनाव त्यांत नसलं तरी. नागपुरात बर्डीवर जुन्या पुस्तकांत एक मिळाला तो घेतला. आराखडा शिकण्यासारखा असतो: प्रत्येक शाखेला क्रमांक, प्रत्येक माणसाला छोटा परिच्छेद, बायकोचं माहेरचं नाव आणि गाव, मुलींची सासरं. माझी वंशावळ मी त्याच पद्धतीनं लिहिते आहे. मुलींची नोंद तिथंच थांबवण्याची पद्धत तेवढी मी घेतलेली नाही. आमच्याकडे लेकींची लेकरंही पुढे चालतात.

मोडीसाठी कुठलंही एक साधं अक्षरओळखीचं पुस्तक पुरतं, पण सराव मूळ कागदावरच करायला हवा. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली अक्षरं हात न उचलता लिहीत गेल्यामुळे शब्द कुठं संपतो ते कळत नाही, आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. गावांची आणि माणसांची नावं आधी ओळखायला शिकावं, कारण ती परत परत येतात. नागपूरच्या पुराभिलेखागारात किंवा घरच्याच पेटीतल्या जुन्या खरेदीखतावर बसून पाहा. खरेदीखताची सुरुवात आणि शेवट ठरलेल्या शब्दांतच असतो, त्यामुळे पहिलं वाचन त्याचंच सोपं जातं.

एक पुस्तक मात्र माझ्या कपाटात नाही. मध्यप्रांतातल्या महसुली आणि कोतवाली कागदांतल्या शब्दांचा, संक्षेपांचा एक छोटा मराठी कोश मला फार हवा आहे, नमुन्याच्या पानांसकट. ए.कु.क. म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता, अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, हे सातबारा पाहणाऱ्याला ठाऊक असतं. त्याआधीच्या मिसलीतले संक्षेप ओळखणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. मी एका वहीत शब्द, तो ज्या कागदात दिसला त्याचं साल आणि गाव, असं लिहीत असते. ज्यांच्या घरी निवृत्त पटवारी, रेकॉर्ड कीपर किंवा अर्जनवीस आहेत त्यांनी त्यांच्यापाशी बसून असे शब्द उतरवून घ्यावेत. शब्दासोबत तो कुठल्या तहसिलीत चालायचा तेही लिहावं, कारण काटोलकडचा शब्द उमरेडला चालेलच असं नाही.